हेडविकाबाईंच्या पुतण्याची शिडी

पेल्हर्झिमोव,
६ मे १९९६

चि. ओल्डास,
अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन करता आला असता, पण आमच्या पोस्टातल्या टेलिफोनवरच्या पोरी सगळं ऐकतात. मला ठाऊक आहे, कारण निवृत्त होईपर्यंत मीच ऐकत होते. लग्नाआधी तू त्या स्ट्राकोनित्सेच्या मुलीला काय काय कबूल केलं होतंस ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाच.

तुझा मेव्हणा यिंद्रा जाऊन हा दुसरा उन्हाळा. त्याची होडी शेडमध्ये पालथी पडली आहे. ती आता सिमोनाला हवी आहे, वल्हवायला नव्हे. प्ल्झेनच्या नव्या घराच्या अंगणात ठेवून तिला तिच्यात जिरेनियम लावायचे आहेत. सूनबाईंनी कुठल्याशा मासिकात तसं चित्र पाहिलंय. राडिम म्हणतो, जूनअखेर येऊन होडी घेऊन जाईन आणि त्याच फेरीत तुलाही, म्हणजे उन्हाळाभर जुळ्यांकडे बघायला घरचं माणूस होईल. होडी आणि आई, एकाच फेरीत. पेट्रोल वाचवण्यात तो बापावर गेलाय.

मला यंदा व्लतावा नदीवर जायचंय. विश्शी ब्रोदहून क्रुमलोवपर्यंत, दरवर्षी जायचो तसंच. फरक इतकाच की मला मागे बसायचंय. तुला आमची रीत माहीत आहे, बायको पुढे, नवरा मागे. मागचा होडी वळवतो, पुढची वल्हं मारते आणि मागून येणारी बोलणी खाते. होडी दगडावर गेली की चूक पुढचीची, सुखरूप निघाली की अक्कल मागच्याची. आता मागे बसणारा राहिला नाही, तर ती जागा मी घेते. पुढे बसायला शेजारच्या हेडविकाबाई तयार आहेत. जन्मभर औषधाच्या दुकानात होत्या, डॉक्टर लिहील तेवढंच द्यायची सवय, त्यामुळे सांगेन तेवढंच करतील.

गाडी आहेच, यिंद्राची स्कोडा १२०. चालवण्याची काळजी करू नकोस. तुझ्या मेव्हण्याला इतकी वर्षं प्रत्येक गुत्त्यातून घरी कोण आणत होतं? अडचण आहे ती छतावरच्या कॅरिअरची. जुनं होतं ते यिंद्राने कोणाला तरी उसनं दिलं आणि नाव न सांगता गेला.

तू म्हणे आता पीसेकमध्ये याच धंद्यात मोठा झालायस. ट्रॅक्टरच्या गॅरेजात वेल्डिंग करणाऱ्या पोराच्या दुकानाला काचेचं दार आलंय असं ऐकते. तर या गाडीवर नीट बसेल आणि दोन म्हाताऱ्यांना झेपेल असं कॅरिअर निवडून धाड. यंदा होडी पाण्यात गेली नाही तर तिच्यात फुलं लागतील आणि मी प्ल्झेनला नाकं पुसत बसेन. मग पुढच्या वर्षी कोणी विचारणारही नाही.

माझी माया होती तेवढीच आहे. कॅरिअर आलं की थोडी वाढवीन.

तुझी ताई,
क्वेता


प्ल्झेन,
१२ मे १९९६

ति. ओल्डामामा यांस,
सा. न. वि. वि.

आईने तुमच्याकडे कॅरिअर मागितलं आहे, हे तिनेच मला कळवलं. त्या संदर्भात ही विनंती.

मी विमा कार्यालयात वाहनांच्या दाव्यांचं काम पाहतो. छतावरून सुटलेल्या वस्तूंसाठी आमच्याकडे एक वेगळं कपाट आहे. त्यात गाद्या आहेत, बाथटब आहे, एक जिवंत डुक्करही आहे (म्हणजे त्याची फाईल). आई त्रेसष्ट वर्षांची आहे, रक्तदाबाची गोळी घेते, आणि तिच्याबरोबर निघालेल्या बाई तिच्याहून मोठ्या आहेत. बाबांनी ती फायबरग्लासची होडी गॅरेजमध्ये मित्रांबरोबर स्वतः साच्यात ओतली होती. बिअर पिता पिता ओतल्यामुळे तिची एक बाजू दुसरीपेक्षा जड आहे, हे तुम्ही जाणताच. अशी होडी, अशी गाडी आणि अशा दोन बाया एकत्र रस्त्यावर आल्या तर पुढे काय होतं ते मी रोज वाचतो.

तिला सरळ नाही म्हणू नये. नाही म्हटलं की ती हमखास करते. या गाडीवर कॅरिअर बसत नाही, एवढंच लिहावं. या विषयात ती तुमचा शब्द मानते. सिमोनाने फुलांची रोपं आणूनही ठेवली आहेत, बाल्कनीत पाय ठेवायला जागा नाही. आणि जुळ्यांना आजीचा सहवास लाभेल तो वेगळाच.

मामींना नमस्कार. आपला लोभ आजवर लाभला, या कामीही लाभेल अशी आशा करतो.

आपला भाचा,
राडिम


पीसेक,
१६ मे १९९६

चि. राडिमास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उघडलं तेव्हा वाटलं कोणीतरी माझ्यावर दावा लावलाय. मामाला लिहिताना तरी टाय सोडत जा.

तुझ्या आईला थाप मारणं सोपं नाही. लहानपणी तिने मला इतक्या वेळा पकडलंय की अजून तिच्यासमोर माझे कान तापतात. पण तू रक्तदाबाचं लिहिलंस आणि मला घाम फुटला. बहीण मला एकच आहे. तर लिहितो, कॅरिअर बसत नाही म्हणून. आमच्या धंद्यात खरं बोलायला फार तर अर्धं मिनिट लागतं, थाप मारायची तर पन्हळ, दांडे, वारा, वजन सगळं घालावं लागतं, म्हणून आजची दुपार तुझ्या नावावर टाकली आहे.

एक मात्र विचारतो, रागावू नकोस. जुळी सांभाळशील का, हे तिला कोणी विचारलंय? तुझ्या पत्रात फुलांना विचारल्यासारखं वाटतं, तिला नाही.

सिमोनाला आशीर्वाद, जुळ्यांना दोघांना एकेक पापा, भांडणं नकोत.

तुझा मामा,
ओल्डा


पीसेक,
१६ मे १९९६

ति. क्वेताताईस,
ओल्डाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. स्ट्राकोनित्सेचं प्रकरण तू विसरली नाहीस याचा आनंद झाला, माझ्या बायकोने पत्र आधी फोडलं नाही याचा त्याहून जास्त.

कॅरिअरचं पाहिलं, आणि वाईट वाटतं ताई, पण तुझ्या गाडीवर ते बसणार नाही. या गाड्यांच्या छताच्या कडेने पावसाच्या पाण्याची पन्हळ असते. कॅरिअरचे पाय तिच्यातच अडकवतात आणि सगळा भार तीच उचलते. तुझी गाडी जुनी, पन्हळीला आतून गंज धरलेला असणार. शिवाय हिचं इंजिन मागे. पुढचा भाग हलका, त्यावर लांब होडी, त्यात समोरून वारा आला की गाडीचं नाक उचलतं आणि सुकाणू हातात नुसतं नावाला राहतं. नवीन गाड्यांना पन्हळच नसते, त्यांचं कॅरिअर दाराच्या चौकटीत अडकतं, ते तुझ्या उपयोगाचं नाही. थोडक्यात, जुनं बसत नाही आणि नवं लागत नाही.

तू दोन दिवस आमच्याकडे ये. ओटावाच्या काठाने फिरू, बायको बदक करील, नदी काठावरूनही छान दिसते.

लहान भावावर नाराज होऊ नये. व्हायचंच असेल तर बदक खाऊन मग व्हावं.

तुझा,
ओल्डा


पेल्हर्झिमोव,
२४ मे १९९६

चि. ओल्डास,
अ. उ. आ.

बरं झालं आधीच सांगितलंस. तुझ्या ज्ञानापुढे मी काय बोलणार. मी तो नाद सोडला.

हे पत्र हेडविकाबाईंसाठी लिहितेय. त्यांच्या पुतण्याला गाडीवरून एक शिडी न्यायची आहे. त्याचीही योगायोगाने स्कोडा १२० आहे, आमच्याच वर्षाची आणि रंगही तोच. त्याने विणकामाची सुई घेऊन पन्हळ आतून खरवडून पाहिली, तर गंजाचा कण नाही, चमचा घासून ठेवावा तशी लख्ख आहे. नशीब एकेकाचं.

त्याला विचारायचंय की आडवे दांडे किती अंतरावर ठेवावेत, आणि शिडी बांधावी कशी. शिडी मधे रुंद आहे आणि दोन्ही टोकांना निमुळती. पालथी ठेवावी की उताणी? सविस्तर लिही, मुलगा जरा मंद आहे.

तुझ्या बदकावर माझा लोभ आहे, तुझ्यावर किती ते पुढच्या पत्रानंतर ठरवू.

ताई


पीसेक,
२९ मे १९९६

ति. क्वेताताईस,
शि. सा. न. वि. वि.

हेडविकाबाई एकुलत्या एक, त्यांचं लग्न झालं नाही, आणि तरी पुतण्या झाला. अभिनंदन कळव. मंद असला तरी शिडीची हौस आहे म्हणजे पोरगा वाया गेलेला नाही.

अशी शिडी मी आजवर पाहिली नाही, पण हल्ली बाजारात काय येईल सांगता येत नाही. दांडे एकमेकांपासून जितके लांब ठेवता येतील तितके ठेवावेत, जवळ ठेवले की लांब वस्तू त्यांच्यावर झुलते. शिडी पालथी ठेवायची, म्हणजे तिच्या कडा दांड्यांवर बसतील. दांडा आणि शिडी यांच्यामधे काहीतरी जाड कापड हवं. बांधायला दोरी नको. भिजली की सैल होते, आणि आपण गाणं म्हणत जातो. सपाट पट्टे घ्यावेत, दोन्ही दांड्यांपाशी एकेक, आणि घट्ट करण्याआधी पट्ट्याला एक पीळ द्यावा, नाहीतर वाऱ्यात तो असा घूंघूं करतो की माणूस वेडा होतो. हे झालं मधलं. पुढचं टोक समोरच्या बंपरला दोन बाजूंना बांधायचं आणि मागचं मागच्याला. ही टोकं बांधायचा लोक कंटाळा करतात आणि मग माझ्या भाच्याच्या कपाटात जाऊन बसतात. गाव सुटलं की एकदा थांबून सगळं पुन्हा आवळावं, कारण पहिल्या काही खड्ड्यांत प्रत्येक वस्तू आपली जागा शोधते.

शिडी मागे बरीच बाहेर येत असेल तर टोकाला लाल कापड लावायला लागतं. पोलीस त्याबाबत कडक आहेत.

अवजड बाजू ड्रायव्हरकडे ठेवावी. शिडीला अवजड बाजू असते का, मला विचारू नकोस.

हे सगळं केवळ माहितीसाठी. पुतण्याने शिडी शेडमध्येच ठेवावी असं माझं मत आहे, आणि राडिमने विचारलं तर मी तसं लिहिलं होतं हे तू सांगशील अशी खात्री आहे.

लोभ कमी करायचाच झाला तर हप्त्याहप्त्याने करावा.

तुझा,
ओल्डा


पीसेक,
१ जुलै १९९६

चि. राडिमास,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा दुकानात फोन आला तेव्हा तू इतकं भरभर बोलत होतास की पहिल्यांदा मला फक्त 'शेड' आणि 'रिकामी' हे दोनच शब्द कळले. सिमोना मोजपट्टी घेऊन दारात उभी, होडी नाही, गाडी नाही, आणि दारावर चिठ्ठी की नदीवर गेलेय, आलाच आहात तर टोमॅटोला पाणी घाला. तू पोलिसांना कळवू का म्हणालास. मी म्हटलं थांब, आधी मी जातो. आता काय झालं ते बैजवार लिहितो, कारण ताई तुला वेगळं सांगेल आणि हेडविकाबाई त्याहून वेगळं.

चूक माझी आहे. मला वाटलं होतं, बसत नाही म्हटलं की विषय संपला. अरे, या देशात कम्युनिस्टांची चाळीस वर्षं दुकानात जाऊन काहीही मागितलं की नाही हेच उत्तर मिळत होतं, आणि म्हणून अख्खा देश घरच्या शेडमध्ये बनला. गवत कापायचं यंत्र वॉशिंग मशीनच्या मोटरवर, हरितगृह खिडक्यांच्या जुन्या चौकटींचं. मीही त्याच शाळेत शिकलो, त्याच्याच जोरावर दुकान काढलं, आणि गल्ल्यामागे बसून पाच वर्षांत मीच विसरलो की आपल्या माणसाला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या हातात करवत देणं.

दुकानातलं सगळ्यात महाग कॅरिअर गाडीत टाकून निघालो. दोघी मला रोझम्बेर्कच्या कॅम्पवर सापडल्या. जायचं होतं विश्शी ब्रोदला, पण चढावर इंजिन तापलं. अंथरुणं त्यांनी मागच्या झाकणावर बांधली होती, म्हणजे इंजिनाचं नाकच दाबलं. शिडीच्या पत्रात अंथरुणाचा विषय कुठून येणार? (शिडीचं तुला नंतर सांगतो.)

गाडीभोवती ही गर्दी. मला वाटलं अपघात. जवळ गेलो तर लोक बिअरचे ग्लास हातात धरून कॅरिअर बघत होते. दांडे म्हणजे तुझ्या आईबाबांच्या पलंगाच्या, बीच झाडाच्या लाकडाच्या फळ्या. पन्हळीत अडकवलेले पाय दाराच्या बिजागऱ्यांचे, गावातल्या कुलूपवाल्याकडून वाकवून घेतलेले. रंगाला ओरखडा नको म्हणून त्यांच्याखाली तुझ्या बाबांच्या घरात घालायच्या सपाता, प्रत्येक पायाला एक. आणि होडीच्या शेपटाला लाल कापड म्हणून तुझ्या बाबांच्या कारखान्याचा मे दिनाचा झेंडा, सोनेरी अक्षरांत 'शांततेसाठी अधिक उत्पादन'. वाटेत पोलिसाने थांबवलं होतं म्हणे. त्याने कागद मागितले नाहीत, कुठल्या अधिवेशनाला निघालात एवढंच विचारलं. ताईने सांगितलं, पाण्यातल्या.

मी दांडा धरून हलवला. मग दोन्ही हातांनी. मग पाय टेकवून ओढला. गाडी हलली, कॅरिअर हललं नाही. माझ्याशेजारी एक ब्र्नोचा माणूस कागदावर त्याचं चित्र काढून घेत होता, त्याने मला बाजूला व्हायला सांगितलं.

तरी मी माझं काम विसरलो नव्हतो. ताईला म्हटलं, आता घरी चल, राडिम काळजीत आहे. तिने सॉसेजवर मोहरी घेतली आणि म्हणाली, हेडविकाबाईंचा खांदा होडी उतरवताना लचकलाय, उद्या पुढे तू बसतोस, बंधाऱ्याखालपर्यंत नेऊन दाखवते, मग तुला वाटलं तर घरी ने. मला वाटलं, सुटलो. एक बंधारा आणि मग प्ल्झेन.

सकाळी बसलो. तुझी आई मागे. पहिल्या वळणालाच मला कळलं की पोस्टात पार्सलं फेकणाऱ्या माणसांचे शब्द तिला सगळे येतात. मी वेल्डर आहे, तरी दोन माझ्यासाठी नवीन होते. बंधाऱ्याच्या मधोमध होड्या उतरायला घसरण आहे, तिच्या तोंडाशी पाणी एकदम गुळगुळीत होतं आणि ओढतं. ते पाहून मला वाटलं आपण आडवे चाललोय, म्हणून मी माझ्या डोक्याने उजवीकडे दोन वल्ही मारली आणि नीट दिसावं म्हणून जरा उठलो. खाली पोचल्यावर होडी पाण्यावर होती, तुझी आई होडीत होती, मी नव्हतो.

ती वळून बघेल असं वाटलं. बघितलं नाही तिने. आधी होडी सरळ केली, खालच्या संथ पाण्यात नेऊन प्रवाहाकडे तोंड करून थांबवली, आणि मी वाहत तिथंच येईन हे तिला माहीत असल्यासारखी हात लांब करून बसली. मी आलोच. काठावरचे लोक टाळ्या वाजवत होते, माझ्यासाठी नव्हेत. मी कडेला लोंबकळत असताना ती शांतपणे म्हणाली, "ओल्डा, पुढं बसलेल्याने होडी वळवायची नसते. मला हे चाळीस वर्षं जमलं, तुला एक बंधारा जमला नाही."

राडिम, मी रक्तदाब मोजायचं यंत्र नेलं होतं, तुझ्या मामीचं. काठावर आल्यावर दोघांचं मोजलं. तिचा आकडा तुला कळवायला हरकत नाही, व्यवस्थित होता. माझा कळवत नाही.

ओल्या विजारीतल्या माणसाने कोणाला घरी न्यायचं? दोघी क्रुमलोवला गेल्या, हेडविकाबाई खांद्याला मलम लावून पुढे. मी त्यांची गाडी क्रुमलोवला आणून ठेवली आणि माझं महाग कॅरिअर तसंच परत घेऊन आलो.

तर फुलांसाठी दुसरं काही बघ. माझ्याकडे एक जुना ट्रेलर आहे, चाकं नसलेला, त्यात जिरेनियम चांगले येतील आणि शेजाऱ्यांना ते शिल्प वाटेल. आणि आईला न्यायला जाशील तेव्हा आधी विचार. या वेळी विचारताना टाय सोड.

तुझ्यावरचा लोभ भिजलाय पण शाबूत आहे.

मामा


पेल्हर्झिमोव,
११ जुलै १९९६

चि. ओल्डास,
अ. उ. आ.

सर्दी गेली का? गेली नसेल तर हेडविकाबाई म्हणतात, प्लमची दारू, स्लिवोवित्से, पोटात घे आणि छातीलाही चोळ, पण त्याच क्रमाने, उलट केलंस तर वाया जाते.

हे पत्र भाऊ म्हणून वाचू नकोस, दुकानदार म्हणून वाच. पलंगाच्या फळ्यांचं कॅरिअर घट्ट आहे, तुझ्याहून ते कोणाला ठाऊक. पण होडी डोक्याच्या वर उचलून ठेवणं हा तरुण माणसांचा खेळ आहे, आम्ही दोघींनी तो एकदा खेळला आणि एक खांदा दिला. म्हणून आम्हाला ट्रेलर हवा. बुटका, कमरेच्या खाली, म्हणजे होडी उचलावी न लागता सरकवता येईल. गाडीला मागे हूक लागेल तो तूच लाव, आणि इंजिनाला श्वास घ्यायला जागा ठेव. लांब दांड्याचा कर, म्हणजे होडीचं टोक गाडीला टेकणार नाही. या वेळी मला गंजाबद्दल काही ऐकायचं नाही.

आणि दोन होड्यांचा कर. एकावर एक नको, शेजारी शेजारी. क्रुमलोवला पोचल्यावर हेडविकाबाई ओल्या मोज्यांनी काठावर बसून म्हणाल्या की क्वेता, मी जन्मभर दुसऱ्याने लिहून दिलेलंच देत आले, आता मलाही मागे बसायचंय. मी जरा दुखावले, इतका चांगला पुढचा माणूस हातचा गेला. पण त्यांनी गुत्त्यातल्या कोणाकडून तरी जुनी लाल होडी ठरवलीसुद्धा.

राडिम रविवारी आला होता, एकटा, टाय न घालता. मला म्हणाला, आई, तू ऑगस्टमध्ये काय करणार आहेस? हा प्रश्न त्याने मला पहिल्यांदाच विचारला, म्हणून मी विचार करून उत्तर दिलं की नदीवर असेन, सप्टेंबरात बोलू. तो सूप प्यायला. मग खिशातून सिमोनाचं पत्र काढून दिलं, आणि ते वाचल्यापासून माझं सुनेबद्दलचं मत मी जरा हलवून ठेवलंय. ती लिहिते की जुळी झाल्यापासून आपण घराबाहेर एक रात्र झोपलेलो नाही, फुलांचं काही नाही, ती बादलीतही येतात, आणि आईंच्या पुढची जागा रिकामी असेल तर तिला हवी आहे. ती होडी वळवायचा प्रयत्न करणार नाही असंही लिहिलंय, कारण तुझी गोष्ट आता प्ल्झेनपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. जुळ्यांना त्या आठवड्यात त्यांचे बाबा सांभाळतील. राडिम हे ऐकताना छताकडे बघत होता, तिथून काही सुटतंय का पाहत असावा.

म्हणजे माझी होडी भरली. हेडविकाबाईंच्या पुढे बसायला कोणी नाही, तिथं तुझं नाव घातलंय. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी ट्रेलर घेऊन ये, कोरडे कपडे दोन जोड आण. हेडविकाबाई स्वभावाने गरीब आहेत, ओरडणं त्यांना येत नाही, पण तू त्याची चिंता करू नकोस. रोज संध्याकाळी मी त्यांना शिकवतेय.

लोभ आता भरपूर आहे. बसायला मात्र पुढेच बसावं लागेल.

तुझी ताई,
क्वेता